ताप न येणारे आजारपण

अंगावरचे कपडे लोंबू लागलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आईवडील दवाखान्यात घेऊन येतात, तेव्हा आपल्याकडे डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती क्षयाची. ती यायलाच हवी. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. मग छातीचा एक्स-रे निघतो, माँटू टेस्ट होते, रक्तपेशी मोजणारा सीबीसी आणि दाहाचा अंदाज देणारा ईएसआर होतो. एक्स-रे स्वच्छ येतो, माँटू निगेटिव्ह. ईएसआर ४ किंवा ५, म्हणजे उत्तमच. ताप नाही, खोकला नाही. सीबीसीच्या कागदावर पांढऱ्या पेशींच्या आकड्यापुढे लॅबने तेवढी एक खूण केलेली असते: ३,२००. नॉर्मलची खालची मर्यादा ४,००० धरली जाते, म्हणजे जराशा कमीच. ‘एखादं व्हायरल होऊन गेलं असेल,’ असे म्हटले जाते आणि ती खूण मागे पडते. टॉनिक लिहून दिले जाते, ‘नीट जेवत जा गं’ असा प्रेमळ दम भरला जातो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

या पुस्तकाचा विषय त्या कागदावर आहे. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा कशी वागते, हे मराठीत सविस्तर मांडावे असे मला फार दिवस वाटत होते. वजन वाढण्याची कमालीची भीती, खाणे कमी कमी करत नेणे आणि हाडे दिसू लागली तरी आपण जाड आहोत असे वाटत राहणे, अशी या आजाराची ठळक लक्षणे. आपल्याकडे अजूनही त्याला ‘डाएटचं फॅड’ किंवा ‘खाण्याचे नखरे’ म्हणून बाजूला सारले जाते. जे त्याला आजार मानतात, तेही मनाचा आजार मानून थांबतात. पण हा आजार रक्तात दिसतो, अस्थिमज्जेत दिसतो, यकृतात बनणाऱ्या प्रथिनांत दिसतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: उपाशी शरीराची प्रतिकारयंत्रणा खर्च आवरते आणि गप्प होते, आणि तिच्या त्या गप्प राहण्याला आपण चांगली तब्येत समजतो. पुढची सगळी प्रकरणे या एका गोष्टीभोवती लिहिली आहेत.

ही गल्लत नवी नाही. १६८९ साली रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने क्षयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्या काळी झिजत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला क्षयच झाला असे धरले जाई. मॉर्टनने मात्र लंडनमधल्या एका अठरा वर्षांच्या मुलीची हकीकत वेगळी काढून लिहिली. ती झिजून हाडांचा सापळा झाली होती, तिची मासिक पाळी थांबली होती, अंग गार पडले होते. पण तिला ताप नव्हता आणि खोकलाही नव्हता. हा क्षय नव्हे, मनाच्या अवस्थेतून आलेली झीज आहे, असे अनुमान त्याने केले. मुलीने औषधे नाकारली आणि काही महिन्यांतच ती गेली. त्याच ग्रंथात एका सोळा वर्षांच्या मुलाचीही हकीकत आहे आणि तो मुलगा सुधारला. अ‍ॅनोरेक्सिया हा फक्त मुलींचा आजार आहे, असे आज ठामपणे सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आजाराला आजचे नाव मिळायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षे गेली. १८७३च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले.

मॉर्टनने टिपलेला तो ताप नसणे मला या विषयाचे दार वाटते. ताप का नव्हता? जंतूच नव्हते म्हणून, की जंतू आले असते तरी तापायची ऐपत त्या शरीरात उरली नव्हती म्हणून? मॉर्टनला हा प्रश्न पडणे शक्य नव्हते. आपल्याला पडायला हवा.

सुरुवात अस्थिमज्जेपासून करू, कारण पांढऱ्या पेशी तिथे जन्मतात. निरोगी तरुण माणसाच्या मज्जेत रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशी आणि चरबी शेजारी शेजारी नांदतात. अ‍ॅनोरेक्सियात एक चमत्कारिक गोष्ट घडते. त्वचेखालची, पोटाभोवतीची चरबी ओसरत असताना मज्जेतली चरबी आधी वाढते. सगळे अंग रोडावत असताना हाडांच्या आत चरबी साठते, हे एमआरआयवर पाहिलेल्या संशोधकांनाही कोड्यात टाकणारे होते. उपासमार पुढे गेली की तीही वितळते आणि तिच्या जागी हायल्युरॉनिक आम्लाने भरलेला जेलीसारखा पदार्थ साचतो. मज्जेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पेशींच्या दाटीऐवजी फिकट गुलाबी, एकसारखा पसारा दिसतो आणि त्यात पेशींची तुरळक बेटे. अशी मज्जा पेशी बनवणार तरी कुठून? अ‍ॅनोरेक्सियाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत पांढऱ्या पेशी कमी आढळतात. लाल पेशी आणि प्लेटलेटही कमी होऊ शकतात.

यातली दिलासा देणारी बाब इथेच सांगते. ही मज्जा कायमची बिघडलेली नसते. पुरेसे अन्न मिळू लागले, वजन वाढू लागले की ती जेली नाहीशी होते आणि पेशी परत येतात. पेशी वाढवणारी महागडी इंजेक्शने बहुतेकांना लागत नाहीत. कोविडनंतर आपल्या घराघरांत ‘इम्युनिटी बूस्टर’चा जो बाजार शिरला आहे, त्यातल्या काढ्याने, च्यवनप्राशने किंवा गोळीनेही हे काम होत नाही. उपासमारीने कमी झालेल्या पेशी जेवणानेच वाढतात.

पेशींच्या संख्येपलीकडेही पुष्कळ काही बदलते. जंतूंना खुणा करून पेशींपुढे आणणारी कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने घटतात. अँटिबॉडी मात्र बहुधा शाबूत राहतात. टी लिम्फोसाइट, म्हणजे टी पेशी, या पांढऱ्या पेशींवर अवलंबून असलेल्या त्वचेच्या चाचण्या मंदावतात. माँटू ही त्याच जातीची चाचणी आहे. लिम्फोसाइट बाहेर काढून प्रयोगशाळेत उद्दीपित केल्या, तर काही अभ्यासांत त्यांचा प्रतिसाद नेहमीसारखा आला, काहींत नेहमीपेक्षा जोरकस. म्हणजे ‘प्रतिकारशक्ती गेली’ असे सरसकट म्हणता येत नाही. काही भाग मंद, काही शाबूत, काही उलट जास्त जागे, असे हे विचित्र मिश्रण आहे.

हे आवरते घेण्याचे काम कोण करवते, याचे उत्तर शोधताना लेप्टिन या हॉर्मोनपाशी यावे लागते. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने ते शोधले. चरबीच्या पेशी लेप्टिन बनवतात आणि शरीरात किती साठा आहे, हे मेंदूला त्यावरून कळते. १९९८मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवले, की उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या टी पेशी ढेपाळतात आणि त्यांना लेप्टिन टोचले तर अन्न न देताही पुन्हा सावरतात. साठ्याची बातमी मेंदूबरोबर प्रतिकारपेशींपर्यंतही जाते, हे त्यातून उघड झाले. अ‍ॅनोरेक्सियात लेप्टिन अगदी तळाला जाते आणि कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे हॉर्मोन, वर चढते. पगार थांबलेल्या घरात आधी सणसमारंभ बंद होतात, मग घराची डागडुजी, आणि चूल तेवढी पेटती ठेवली जाते. शरीरही याच क्रमाने जाते: पाळी थांबते, हाडांची बांधणी थांबते, नाडी मंदावते, अंग गार पडते.

आता ते कोडे, ज्यामुळे हा विषय वैद्यकात पन्नासेक वर्षे चर्चेत आहे. पांढऱ्या पेशी इतक्या कमी, मज्जा अशी. मग या मुली सतत आजारी पडायला हव्यात. पण १९७८ साली अमेरिकेत बॉवर्स आणि एकर्ट यांनी रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पेशी कमी असूनही जंतुसंसर्ग वाढलेला दिसला नाही. ‘घरात सगळ्यांना सर्दी-ताप झाला, हिला मात्र काही नाही,’ असे आया मोठ्या आश्चर्याने सांगतात, आणि कधी कधी मुलगी स्वतः तेच पुरावा म्हणून पुढे करते: मी ठणठणीत आहे, बघा ना.

दारिद्र्यातल्या उपासमारीशी हे अजिबात जुळत नाही. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात माणसे फार मोठ्या संख्येने मलेरिया, कॉलरा आणि देवी यांनी गेली. मेळघाटातले कुपोषित मूल न्यूमोनियाने किंवा जुलाबाने दगावते. अन्नाचा तुटवडा आणि जंतू एकमेकांना कसे बळ देतात, हे भारतातल्या डॉक्टरांना शिकवावे लागत नाही. झारखंडात क्षयरुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा देऊन झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसत्या शिध्याने त्या घरांतले क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी घटले. मग अ‍ॅनोरेक्सिया वेगळा का?

एक स्पष्टीकरण आहारातून येते. दुष्काळात प्रथिने, जीवनसत्त्वे, झिंक, लोह सगळेच एकदम तुटते. अ‍ॅनोरेक्सियाचा रुग्ण बहुधा स्निग्ध आणि पिष्टमय पदार्थ आधी तोडतो. प्रथिने आणि जीवनसत्त्वे त्या मानाने बराच काळ टिकून राहतात. दुसरे स्पष्टीकरण घराचे आहे: पिण्याचे पाणी स्वच्छ, लसी झालेल्या, खोलीत गर्दी नाही. मला दुसरे स्पष्टीकरण जास्त वजनदार वाटते आणि म्हणूनच भारतासाठी काळजी वाटते. या आजारावरचे बहुतेक संशोधन युरोप-अमेरिकेतले आहे. तिथली मुलगी आणि डास, दूषित पाणी, क्षयाचे जंतू यांच्या रोजच्या शेजारात राहणारी पुण्या-मुंबईची किंवा लातूरची मुलगी यांच्यापुढचा धोका सारखा धरता येणार नाही. ‘अ‍ॅनोरेक्सियात संसर्ग होत नाहीत’ हे वाक्य आपल्या दवाखान्यात जसेच्या तसे आणणे धोक्याचे आहे.

त्याहून मोठा धोका आणखी एका शक्यतेत आहे. संसर्ग होतो, पण दिसत नाही. ताप ही फुकट मिळणारी गोष्ट नाही. अंगाचे तापमान एका अंश सेल्सियसने वाढवायला शरीराला सुमारे १० ते १३ टक्के जादा ऊर्जा खर्च करावी लागते. ज्या शरीराचे नेहमीचे तापमानच ३५.५ अंशांवर आले आहे, त्याने ती कुठून आणायची? अशा रुग्णात ३७ अंश हाच ताप असू शकतो आणि थर्मामीटर पाहणारा ‘ताप नाही’ असे लिहून मोकळा होतो. पू व्हायला, सूज यायला, लाली यायला पांढऱ्या पेशी लागतात. त्या कमी असल्या की न्यूमोनियाही अबोल होतो. पांढऱ्या पेशी वाढल्या की संसर्ग ओळखायचा, असे आपण शिकलो. इथे मुळात ३,००० असलेल्या पेशी दुप्पट झाल्या तरी आकडा नॉर्मलमध्येच राहतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात अशा रुग्णांतल्या जिवाणूसंसर्गाच्या नोंदी मांडल्या, तेव्हा ताप उशिरा येणे, त्यामुळे निदान उशिरा होणे आणि त्यामुळे गुंतागुंत वाढणे, ही साखळी समोर आली.

आता क्षयासाठी केलेल्या तपासण्या यासमोर ठेवून पाहा. ताप नाही, कारण शरीराला तो परवडत नाही. माँटू निगेटिव्ह, कारण ती उमटवणाऱ्या टी पेशी मंदावल्या आहेत. ईएसआर कमी, कारण तो वाढवणारे फायब्रिनोजेन यकृत कमी बनवत आहे. अ‍ॅनोरेक्सियात ईएसआर कमी असणे हाच नियम आहे. तो वाढलेला दिसला, तर दुसरे काहीतरी आहे असे समजून शोध घ्यायचा असतो. क्षय नाही असे सांगणारे हे सगळे साक्षीदार उपासमारीने गप्प केलेले असू शकतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते: अ‍ॅनोरेक्सियाला क्षय समजून महिनोन् महिने औषधे देण्याची, आणि अ‍ॅनोरेक्सिया ठरला म्हणून खराखुरा क्षय नजरेतून सुटण्याची. दुसरी चूक मला अधिक भयंकर वाटते.

आपल्याकडे निदान आणखी एका कारणाने निसटते. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले, की त्यांच्याकडच्या बऱ्याच रुग्णांनी जाड होण्याची भीती बोलून दाखवलीच नाही. पोट फुगते, भूक लागत नाही, अन्न जात नाही, एवढेच त्या सांगत. भारतातही हे वारंवार ऐकू येते. शिवाय आपल्याकडे उपवासाला मान आहे. गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी असे करत आठवड्याचे निम्मे दिवस ताटाविना गेले, तरी घरात कौतुकच होते. उपवासामुळे हा आजार होतो असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्याच्याआड तो बराच काळ लपून राहू शकतो.

पुन्हा खाऊ घालण्याचे दिवस हे या पुस्तकातले सगळ्यात लांबलेले प्रकरण आहे आणि ते मुद्दाम तसे ठेवले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी युद्धकैद्यांपैकी काहीजण भरपेट जेवणानंतर दगावले. अन्न आल्याबरोबर पेशी रक्तातले फॉस्फेट झपाट्याने ओढून घेतात आणि हृदय, श्वसन, स्नायू अडचणीत येतात. फॉस्फेट घसरले की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही काम करायला ऊर्जा उरत नाही. १९७०च्या दशकात नायजर देशातल्या दुष्काळात मरे दांपत्याने आणखी एक गोष्ट टिपली: अन्न मिळू लागल्यावर काही दिवसांतच भुकेल्या लोकांत मलेरियाचे झटके उसळले. दबून बसलेला संसर्गही अन्नाबरोबर जागा होऊ शकतो. म्हणून फार खंगलेल्या रुग्णाला घरच्या घरी धडाधड खाऊ घालू नये. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीत, रोज रक्त तपासत व्हावी. आणि पहिल्या आठवड्यात ताप आला तर ‘आता हिचं शरीर तापायला तरी लागलं’ असे समाधान न मानता त्याचे कारण शोधावे.

आतापर्यंत दिशा एकच होती: उपासमार आधी, प्रतिकारयंत्रणेतले बदल नंतर. गेल्या काही वर्षांत उलट दिशेनेही प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. फ्लू झाला की आपले जेवणावरचे मन उडते, ते टीएनएफ आणि आयएल-६ यांसारख्या दाहाच्या रेणूंमुळे. टीएनएफचा एक शोध तर शरीर झिजवणारा पदार्थ म्हणूनच लागला होता. तो आणि कर्करोगाच्या गाठी नष्ट करणारा रेणू एकच आहे हे १९८५मध्ये कळले. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता अ‍ॅनोरेक्सियात हे दोन्ही रेणू वाढलेले आढळले, आणि दाहाची नेहमीची चाचणी असलेले सीआरपी मात्र उलट कमी. डेन्मार्कमध्ये पाच लाखांहून अधिक मुलींच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१९ साली आलेल्या अभ्यासात, लहानपणी गंभीर संसर्गासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या मुलींत पुढे अ‍ॅनोरेक्सियाचा धोका २२ टक्के जास्त दिसला. फिनलंडमध्ये खाण्याच्या विकारांच्या रुग्णांपैकी ८.९ टक्क्यांना एखादा स्वयंप्रतिकार विकार होता. तुलनेच्या गटात हे प्रमाण ५.४ टक्के होते. २०१७मध्ये अ‍ॅनोरेक्सियाशी जोडली गेलेली पहिली ठोस जनुकीय जागा बाराव्या गुणसूत्रावर सापडली, आणि टाइप १ मधुमेह व संधिवाताच्या संशोधनात तोच भाग आधी पुढे आलेला होता. फ्रान्समधल्या रुआँ येथे सेर्गेई फेतिसोव्ह आणि सहकारी आतड्यातल्या जिवाणूच्या एका प्रथिनाचा माग काढत आहेत. ते प्रथिन तृप्तीच्या संदेशाशी मिळतेजुळते आहे, आणि त्याविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी भूक बिघडवत असतील, अशी त्यांची मांडणी आहे.

यातले काहीही अजून कारण म्हणून सिद्ध झालेले नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे होत नाही, आणि २२ टक्के जादा धोका म्हणजे संसर्ग झालेल्या बहुतेक मुलींना हा आजार होतच नाही. तरीही या संशोधनाचे मला मोल वाटते. ‘हिने हे स्वतः ओढवून घेतलं’ किंवा ‘आईने लाडावून ठेवलं’ असे म्हणणाऱ्यांना आता उत्तर आहे. या आजाराचा पाया काही अंशी रक्तात आणि जनुकांत आहे. कुणाच्या मुलीला संधिवात झाला, तर आपण तिच्या आईला दोष देत नाही.

हे पुस्तक मी फॅमिली डॉक्टरांसाठी आणि पालकांसाठी लिहिले आहे. विशेषज्ञांना यातले बरेच ठाऊक असते, पण या मुली आणि मुले त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोहोचतात. डॉक्टर मित्रांना माझी विनंती आहे, की वजन उतरलेल्या मुलाला किंवा मुलीला पाच मिनिटे एकांतात बसवून घेऊन खाण्याबद्दल, पाळीबद्दल, वजनाच्या भीतीबद्दल शांतपणे विचारावे. झोपून आणि उभे करून नाडी मोजावी. तापमान कागदावर लिहावे आणि पुढच्या वेळी त्याच्याशीच तुलना करावी. क्षयाची शंका असेल, तर एका निगेटिव्ह माँटूवर विसंबू नये. पालकांनी ताटावर भांडण करण्यात वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिशियन अशा दोघांची मदत एकाच वेळी घ्यावी. कुठून सुरुवात करायची हे सुचत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. नाडी ४०च्या खाली गेली असेल, अंगाचे तापमान ३५ अंश सेल्सियसपेक्षा कमी असेल किंवा उठताना भोवळ येऊन ती पडत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या.